पहिली रांग, डावं टोक

2024 मध्ये गणपती उठल्यानंतरच्या एका गुरुवारी रात्री पावणेअकराला माझ्या मेलवर एक चित्रपट समीक्षा आली. नऊशे शब्द, शुक्रवारी सकाळी सातला लागायची होती. त्यातला चौथा परिच्छेद मी कापला. हे सगळं प्रकरण त्या एका परिच्छेदाचं आहे.

समीक्षा लिहिणारीला मी ताई म्हणतो, इथेही ताईच म्हणेन. हे लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, पण तिचं नाव नको, थिएटरचं नको, पिक्चरचंही नको, या अटीवर. "एकाचं नाव आलं की बाकीचे सुटतात," असं तिचं म्हणणं. ते मला पटतं. ती ज्या संस्थेबरोबर काम करते तिचं नावही म्हणूनच गाळलं आहे. माझं काम सांगतो: ठाण्यातून चालणाऱ्या एका छोट्या मराठी साप्ताहिकाचं सिनेमाचं पान मी बघतो. चूक माझी होती, तेव्हा ती मीच मांडलेली बरी.

ताईचं काम

ताई नौपाड्यातली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डावा पाय पूर्ण गेला, उजव्यात थोडा जोर राहिला. शाळा-कॉलेज कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर झालं, व्हीलचेअर 2019 पासून. लहानपणी वडील तिला वंदना टॉकीजला न्यायचे. टॉकीजचं ते नाव आता एसटीच्या आगाराला चिकटलेलं आहे. बाल्कनीचे जिने चढताना वडील तिला कडेवर घ्यायचे. ती दहा वर्षांची झाली, अंगानं भरली, आणि वडिलांना ते जमेना. मग खालची, स्टॉलची तिकिटं. एकच पिक्चर तिनं एकदा वरून आणि एकदा खालून पाहिला होता. तो दोनदा वेगळा दिसला, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण त्याचा लेखनाशी काही संबंध लागेल असं तिला पुढची तीस वर्षं वाटलं नाही.

वाचन मराठी ग्रंथ संग्रहालयात झालं. 1893 पासूनची ती संस्था ठाणेकरांच्या किती पिढ्यांची दुसरी शाळा आहे हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मग प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचं सभासदत्व, पुण्याचा महिनाभराचा चित्रपट रसग्रहणाचा अभ्यासक्रम, आणि नोकरी सांभाळून समीक्षा. मराठीत निव्वळ समीक्षेवर पोट भरत नाही. आमचं साप्ताहिक एका समीक्षेला हजार रुपये देतं. ठाण्याहून अंधेरीला प्रेस शोला, म्हणजे समीक्षकांसाठीच्या खास खेळाला, टॅक्सीनं जाऊन यायचं तर तेवढ्यात भागत नाही. जून 2014 मध्ये वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ठाण्याहून लोकलच्या अपंगांच्या डब्यातून घाटकोपर, तिथून लिफ्टनं मेट्रो, अंधेरीत उतरून पुन्हा लिफ्ट. तोवर ताई महिन्याला एखादा प्रेस शो गाठायची, त्यानंतर चार-पाच. तिच्या लिखाणात त्या वर्षानंतर जी सफाई आली तिचं श्रेय मी बराच काळ तिच्या वाचनाला देत होतो. लिफ्टला द्यायला हवं होतं. आठवड्याला एक पिक्चर पाहणारा आणि महिन्याला एक पाहणारा, यांची नजर सारखी तयार होत नाही.

तिचं दुसरं काम रविवारचं. ठाण्यातल्या अपंग हक्कांच्या एका संस्थेबरोबर ती बँका, टपाल कचेऱ्या, मतदान केंद्रं, दवाखाने मोजत हिंडते. मोजत म्हणजे खरोखर टेपनं. पर्समध्ये पाच मीटरचा टेप असतो. रॅम्पचा उतार एकास बारा हवा: पंधरा सेंटिमीटरची पायरी असेल तर रॅम्प एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब लागतो. ठाण्यात पायरीवर सिमेंटचा एक ढिगारा थापून त्याला रॅम्प म्हणायची पद्धत आहे. ताई त्याला घसरगुंडी म्हणते आणि उतार लिहून घेते.

ही दोन कामं तिनं जाणूनबुजून वेगळी ठेवली होती, आणि त्याला कारण होतं. लिहायला लागली तेव्हा एका संपादकानं तिला सलग तीन वेळा अपंग पात्रांवरचेच पिक्चर दिले. "तुझाच विषय आहे ना." चौथ्यांदा तिनं नकार दिला आणि ते काम सुटलं. पुढे कित्येक वर्षं तिनं असा एकही पिक्चर घेतला नाही. तमाशापट, गुन्हेपट, मुलांचे पिक्चर, इराणी, बंगाली, सगळ्यावर लिहिलं. 2004 मध्ये 'श्वास' आला, सगळा महाराष्ट्र त्यावर लिहीत होता, तेव्हाही ताईनं लिहिलं नाही. वाचकांना तिच्या पायांबद्दल काही माहीत नव्हतं. तिला तेच हवं होतं. सरकारी कागदावर 2016 नंतर दिव्यांग हा शब्द आला. त्यावर ती एवढंच म्हणते, "मला अपंग म्हण. लिहिताना तर तेही नको. लिहिताना मी समीक्षक."

मुंबईत समीक्षा आणि चळवळ एकाच माणसानं करण्याची परंपरा जुनी आहे. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपट समीक्षा लिहायचे, इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीच्या उभारणीत होते, पुढे स्वतः पिक्चर काढले, आणि आपल्या एका माहितीपटासाठी सेन्सॉरविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 1970 मधला तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. न्यायालयानं सेन्सॉर रद्द केला नाही, पण कात्री चालवायचे नियम स्पष्ट हवेत हे ठासून सांगितलं. ताईच्या टेबलाशेजारी अब्बासांचं एक जुनं छायाचित्र आहे. तरी ती म्हणायची, त्यांच्या लेखात त्यांचं शरीर कधी आलं नाही, माझ्याही येणार नाही.

तो गुरुवार

8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. एका हिंदी विनोदी पिक्चरच्या ट्रेलरमध्ये अपंग व्यक्तींची टवाळी आहे अशी याचिका होती. न्यायालयानं पिक्चरवर बंदी घातली नाही, पण अपंगत्व पडद्यावर कसं यावं याबद्दल मार्गदर्शक सूत्रं दिली. अपंग माणसाच्या जगण्यातून येणारा, ते जगणं समजावून देणारा विनोद एक, आणि त्या माणसाला खाली ढकलणारा विनोद दुसरा, हा फरक निकालात नीट मांडला आहे. ताईनं निकाल छापून आणला, पेन्सिलीनं खुणा केल्या. तिचं मत असं की कुठला विनोद कुठल्या जातीचा हे ठरवणं सेन्सॉरचं काम नाही, समीक्षकाचं आहे, आणि आपण ते इतकी वर्षं टाळलं.

म्हणून सप्टेंबरात व्हीलचेअरवरच्या नायकाचा एक मराठी पिक्चर आला तेव्हा तिनं स्वतःहून फोन केला. "हा मी करते." मी खूश झालो. आता खरं सांगायचं तर मीही त्या पहिल्या संपादकासारखाच मनात म्हणालो, तिचाच विषय आहे.

प्रेस शो ठाण्यातच होता, घोडबंदर रोडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये. मेट्रोच्या खांबांमधून वाट काढत ताई आणि तिची भाची अर्धा तास आधी पोचल्या. मॉलच्या दारापासून पडद्याच्या दारापर्यंत काही अडचण नव्हती, लिफ्ट होती, स्वच्छतागृह होतं. पडद्याच्या दारातून आत गेल्यावर दोन पायऱ्या. दोन मुलं धावत आली, "मॅडम, उचलून नेतो." माणसाला सामानासारखं उचलणं म्हणजे काय, हे ज्याला कधी उचललं नाही त्याला सांगून कळत नाही. ताई चाळीस वर्षं उचलून घेत आली आहे आणि दर वेळी ती डोळे मिटते. पायऱ्या उतरल्यावर जागा एकच: पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला खुर्च्या नसलेला चौकोन. वरच्या सगळ्या रांगा पायऱ्यापायऱ्यांच्या.

पिक्चर संपल्यावर घरी येऊन तिनं लिहिलं. कापलेला परिच्छेद तिच्या परवानगीनं जसाच्या तसा देतो:

"हा चित्रपट मी पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला बसून पाहिला, कारण व्हीलचेअर तिथेच राहते. तिथून पडद्याच्या डाव्या बाजूची माणसं अंगावर येतात आणि उजव्या बाजूची काडीसारखी बारीक दिसतात. नायकाच्या आईचे बरेचसे प्रसंग उजव्या बाजूला घडतात. अभिनयाबद्दल मी जे म्हटलं आहे ते एवढं लक्षात घेऊन वाचावं. ज्यांच्या आयुष्यावर हा चित्रपट आहे, त्यांनाही तो इथूनच पाहावा लागेल."

पाच वाक्यं. मी ती कापली आणि सकाळी सातला समीक्षा लावली. दोन तारे.

का कापली? तेव्हा स्वतःला दिलेलं उत्तर होतं की वाचक पिक्चरबद्दल वाचायला येतो, थिएटरची तक्रार हा वेगळ्या पानाचा मजकूर. समीक्षकानं स्वतःला बाजूला ठेवावं असं मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी शिकवलं, आणि ताईही आजवर तेच पाळत आली होती. खाली दडलेलं कारण दुसरं होतं. प्रेस शोची आमंत्रणं ज्या लोकांकडून येतात त्यांच्या यादीत आमचं साप्ताहिक अगदी शेवटी आहे. मला ते नाव गळायला नको होतं. हे कारण त्या रात्री मी स्वतःशीही उच्चारलं नाही.

साडेसातला फोन.

"कापलास?"

"ताई, जागा नव्हती."

"अरे, जागेचंच तर लिहिलं होतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

संस्थेचं म्हणणं

त्याच दिवशी दुपारी ताईला वेगळ्याच बाजूनं फोन सुरू झाले. रविवारी टेप घेऊन तिच्याबरोबर फिरणारे लोक होते ते. त्यांनी महिनाभर त्या पिक्चरचा प्रचार केला होता. आपल्या माणसावरचा पिक्चर, मराठीत किती वर्षांनी आला, आणि आपणच दोन तारे दिले तर बाकीचे काय देतील? पिक्चर आठवडाभर टिकला नाही तर पुढच्या वेळी असा विषय घेऊन निर्मात्याच्या दारात कोण जाईल? यातलं एकही वाक्य फालतू नव्हतं. मराठी पिक्चरला मल्टिप्लेक्समध्ये बऱ्या वेळेचा शो मिळवण्यासाठी किती भांडावं लागतं हे ताईला माहीत होतं. 2015 मध्ये राज्य सरकारला त्यासाठी फर्मान काढावं लागलं होतं. शुक्रवार ते रविवार गर्दी जमली नाही की सोमवारी शो गेला. तिचे दोन तारे त्या तीन दिवसांत वाचले जाणार होते.

पण तिची हरकत पिक्चरच्या शेवटाला होती. दोन तास व्हीलचेअरवर नोकरी, प्रेम, भांडण सगळं करणारा नायक शेवटच्या प्रसंगात खुर्चीतून उठून उभा राहतो, संगीत चढतं, सगळे टाळ्या वाजवतात. ताईनं लिहिलं होतं की या शेवटामुळे आधीचे दोन तास खोटे पडतात, कारण बसलेला माणूस अपुराच होता असं पिक्चर अखेर कबूल करतो. 1972 च्या 'कोशिश'मधल्या मूकबधिर जोडप्याला किंवा 1980 च्या 'स्पर्श'मधल्या अंध नायकाला बरं करावं लागलं नाही, मग आज का लागावं, असाही तिचा प्रश्न होता.

संस्थेला ती म्हणाली, तारे बदलणार नाही, पण तुम्ही खास खेळ ठेवा, मी येते आणि सगळ्यांसमोर बोलते.

खास खेळ ठरला. कळवा, मुंब्रा, दिवा, ऐरोली, कोपरी इथून सभासद येणार. व्हीलचेअरवाले चौदा. आणि इथे सगळे अडले. ठाण्यातल्या ज्या ज्या मल्टिप्लेक्सला विचारलं तिथे एका पडद्यासमोर व्हीलचेअर राहणार दोन, फार तर तीन. चौदा जणांना नेण्यासाठी पाच पडद्यांवर पाच वेगळे खेळ लावावे लागले असते. शेवटी निर्मात्यानं मोठ्या मनानं परवानगी दिली आणि खेळ एका शाळेच्या तळमजल्यावरच्या सभागृहात, भिंतीवर पांढरा पडदा लावून झाला. अपंग नायकाचा पिक्चर अपंग प्रेक्षकांना ठाण्यातल्या एकाही चित्रपटगृहात एकत्र बसून पाहता आला नाही. मी कापलेलं पाचवं वाक्य हेच सांगत होतं.

दुसऱ्यांदा पाहिल्यावर

त्या सभागृहाची जमीन सपाट होती. ताई मधोमध बसली, पडद्यापासून साधारण आठ मीटरवर. मी तिच्या मागे होतो.

मध्यंतराच्या आधी एक प्रसंग आहे. नायक पहिल्या पगाराचं पाकीट आईला देतो. आई ते घेत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून तीन-चार सेकंदांत काय काय सरकतं ते सांगता येणार नाही: आनंद, मग भीती, मग आता माझी गरज उरली नाही याचा किंचित धक्का. आई पडद्याच्या उजव्या कडेला उभी आहे. ताईच्या समीक्षेत तिच्याबद्दल एक ओळ होती, "आईच्या भूमिकेत फारसं काही घडत नाही."

दिवे लागले तेव्हा ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "मी त्या बाईंवर अन्याय केला."

माझ्या पोटात खड्डा पडला. तिनं तर वाचकाला सावध केलं होतं! अभिनयाबद्दलचं मत जपून घ्या, मला नीट दिसलेलं नाही, असं प्रामाणिकपणे लिहून दिलं होतं. मी त्या ओळींना चळवळीचा मजकूर समजलो. त्या निव्वळ समीक्षेच्या ओळी होत्या. प्रयोगशाळेतला माणूस मोजमापाबरोबर उपकरणाची मर्यादा लिहितो, तशा. मी कापल्या आणि तिचं मत निर्दोष असल्यासारखं छापलं. वीस-पंचवीस वर्षं रंगभूमीवर काम केलेल्या एका अभिनेत्रीच्या वाट्याला तेवढी एकच ओळ आली, आणि तीही चुकीची.

खेळानंतरची चर्चा तासभर चालली. एक विशीतला मुलगा, दिव्याहून आलेला, म्हणाला, "तो उभा राहिला म्हणूनच टाळ्या पडल्या ना? मी कधीच उभा राहणार नाही, मग मला काय?" लगेच त्याच्या पलीकडचे साठीचे काका बोलले. कारखान्यात अपघात होऊन त्यांची कंबर गेली होती. "मला आवडला शेवट. दोन मिनिटं मी पण उभा राहिलो." सभागृह गप्प झालं. ताईनं दोघांचीही वाक्यं वहीत लिहून घेतली. पुढच्या आठवड्याच्या अंकात तिनं दुरुस्ती दिली: आईच्या भूमिकेबद्दलची ओळ मागे घेतली, प्रसंग वर्णन करून लिहिला, मुलगा आणि काका दोघांनाही जागा दिली. तारे दोनच ठेवले. चौथा परिच्छेद या वेळी सगळ्यात वर होता, आणि तो आधी का नव्हता हेही मी माझ्या नावानं लिहिलं.

संस्थेतले दोघे तिच्याशी अजून मोकळेपणानं बोलत नाहीत. यादीतून आमचं नाव गळलं नाही. माझी भीती पोकळ निघाली, म्हणून माझा निर्णय कमी चुकीचा ठरत नाही.

तीन खुर्च्या

कापलेल्या परिच्छेदाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे बसायच्या जागेचा प्रश्न, ताईनं रविवारच्या कामात नेला. अपंग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी मालकीच्या, करमणुकीच्या जागाही येतात. कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून 2017 चे, मुदत 2022 ला संपली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, नंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. मार्च 2024 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं चित्रपटगृहांसाठी सुगमतेची तत्त्वं जाहीर केली, पण ती ऐकण्या-पाहण्यात अडचण असलेल्यांपुरती: ध्वनिवर्णन, उपशीर्षकं असं. बसायच्या जागेचा प्रश्न त्यातून सुटत नाही. ताईनं पुण्याच्या अपंग कल्याण राज्य आयुक्तांकडे तक्रार पाठवली, मोजमापांसह. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशी म्हणून ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. तो निकालही तिनं जोडला.

थिएटरनं सुनावणीची वाट पाहिली नाही. दोन पायऱ्यांवर ठेवायचा घडीचा रॅम्प पंधरा दिवसांत आला. बैठक मात्र बदलता येणार नाही, सगळी पायऱ्यांची आहे, असं व्यवस्थापकांनी कळवलं. माणूस सज्जन होता, त्यानं ताईला मोकळ्या वेळी येऊन पाहू दिलं. तिनं टेप काढला. त्या पडद्याला पाचव्या रांगेच्या उंचीवर मागच्या बाजूनं एक दार होतं, सफाईवाल्यांच्या वापरातलं. दाराची रुंदी 91 सेंटिमीटर. दारासमोर आडवी मोकळी वाट. वाटेला लागून असलेल्या रांगेतल्या मधल्या तीन खुर्च्या काढल्या तर दोन व्हीलचेअर बसतात, कुणालाही उचलावं लागत नाही. व्यवस्थापकांनी दिवसाचे खेळ गुणिले तीन तिकिटं असा हिशेब मांडला. ताईनं तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, सोमवार ते गुरुवार या रांगेतली किती तिकिटं जातात? यावर त्यांनी वहीच उघडून दाखवली. फारशी जात नव्हती.

तेव्हापासून ताईच्या प्रत्येक समीक्षेखाली एक ओळ असते: थिएटरचं नाव नाही, फक्त रांग आणि बाजू. माझ्या समीक्षांखालीही मी ती घालू लागलो. माझी बहुतेक वेळा "सातवी रांग, मध्य" अशी असते. तिची बदलत असते. कधी "पहिली रांग, उजवं टोक", कधी "घरी, लॅपटॉपवर, थिएटरात जाता आलं नाही".

घोडबंदर रोडच्या त्या एका पडद्यासमोरच्या तीन खुर्च्यांपैकी दोन निघाल्या. तिसरीही निघाली, पण तिचे बोल्ट जमिनीत राहिले आहेत आणि व्हीलचेअरचं डावं चाक त्यांना अडतं. ताईनं मागच्या शुक्रवारी बोल्टची उंची मोजून व्यवस्थापकांना पाठवली: 22 मिलिमीटर.